बर्फावरील गाडीचें इंजिन : तें कां तापतें व कसें दुरुस्त करावें

आपल्याकडे मोटारीचें इंजिन तापलें तर कोणास नवल वाटत नाहीं. वैशाखांतील ऊन, भरलेली गाडी आणि खंडाळ्याचा घाट, एवढीं कारणें त्यास पुरेशीं आहेत. परंतु जेथें वर्षांतील कित्येक महिने जमीन बर्फाखालीं असते व पारा शून्याखालीं तीस अंशांपर्यंत उतरतो, अशा प्रदेशांतही इंजिन तापून बंद पडतें, हें ऐकून विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. कॅनडाचा उत्तर भाग, अमेरिकेंतील मिनेसोटा व अलास्का, तसेंच फिनलंड व स्वीडन हे देश, या ठिकाणीं लोक बर्फावरून धांवणारी स्नोमोबिल नांवाची गाडी वापरतात. त्या गाडीच्या कारागिरांकडे ‘इंजिन फार तापतें’ ही तक्रार नेहमीं येते. चहूंकडे बर्फ असतां इंजिन कां तापावें, दोष कोठें आहे हें कसें ओळखावें, व तो कसा दूर करावा, हें या पाठांत पाहावयाचें आहे. यांत पदार्थविज्ञानाचे जे नियम येतील ते सर्व आपल्या शाळेच्या पुस्तकांतीलच आहेत.

१. गाडीची जन्मकथा

कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत व्हॅलकोर्ट नांवाचें गांव आहे. तेथें जोसेफ-आर्मां बोंबार्डिये (१९०७-१९६४) नांवाचा यंत्रकार राहत असे. वयाच्या पंधराव्या वर्षीं, १९२२ सालीं, त्यानें वडिलांनीं दिलेल्या जुन्या फोर्ड मोटारीचें इंजिन एका घसरगाडीवर बसविलें, त्यास लांकडी पंखा जोडला, व ती गाडी बर्फावर चालवून दाखविली. पुढें १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा आंत्रपुच्छाच्या विकारानें अत्यवस्थ झाला. रुग्णालय दूर शेरब्रूक शहरीं होतें, रस्ते बर्फानें बुजले होते, आणि मुलास तेथें नेण्याचें कांहींच साधन नव्हतें. मूल दगावलें. बर्फावरील वाहनाचे प्रयोग तो त्यापूर्वींही करीत होता; त्यानंतर तो अधिकच नेटानें त्या कामीं लागला. दातेरी चाकानें फिरणाऱ्या पट्ट्याचें पेटंट त्यास १९३७ सालीं मिळालें, व सात माणसें नेणारी त्याची गाडी डॉक्टर, टपालवाले व शाळा यांच्या उपयोगीं पडूं लागली.

आज आपण जिला स्नोमोबिल म्हणतों ती एकदोन माणसांची हलकी गाडी त्यानें १९५९ सालीं ‘स्की-डू’ या नांवानें विक्रीस आणली. तिच्या पहिल्या नमुन्यांपैकीं एक ओंटॅरिओच्या उत्तरेकडील लॅन्सडाउन हाउस या दूरच्या ठाण्यावर फादर मॉरिस वीमे या मिशनऱ्याकडे पोहोंचला. तोंवर त्या भागांत हिंवाळ्यांतील प्रवास कुत्र्यांच्या घसरगाडीनें होत असे.

ही कथा येथें सांगण्याचें कारण आहे. पुष्कळ ठिकाणीं आज ही गाडी मौजेची वस्तु झाली आहे. आपल्या देशांत गुलमर्ग येथें प्रवासी तिच्यांत बसतात. परंतु उत्तरेकडील वस्त्यांत, किंवा सियाचेनच्या हिमनदीवर आपले सैनिक ती वापरतात तेथें, गाडी बंद पडणें म्हणजे केवळ खोळंबा नव्हे. वस्तीपासून दहा कोसांवर इंजिन थांबलें आणि दिवस मावळला, तर प्रवाशाचा जीव धोक्यांत येतो. म्हणून तिच्या कारागिराचें काम जबाबदारीचें आहे.

२. इंजिनाची उष्णता जाते कोठें?

पेट्रोल जळतांना सिलिंडरांतील वायूंचें उष्णतामान क्षणभर दोन हजार अंशांहून अधिक होतें. पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा केलेला असतो तो धातु तर ६६० अंशांवरच वितळतो. शिवाय पेट्रोलापासून निघालेल्या उष्णतेपैकीं सुमारें चौथा ते तिसरा हिस्साच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीची उष्णता कांहीं धुरावाटे व कांहीं सिलिंडराच्या भिंतींतून बाहेर जाते. ही भिंतींतली उष्णता सारखी दूर नेली नाहीं तर बाहेर कितीही थंडी असो, पिस्टन फुगून सिलिंडरांत जखडेल.

ती दूर नेण्याच्या दोन रीती आहेत. हलक्या व मुलांच्या गाड्यांत सिलिंडरावर पातळ पापुद्र्यांसारखे पंख असतात, व इंजिनानेंच फिरणारा पंखा त्यांवरून वारा घालतो. मोठ्या गाड्यांत सिलिंडराभोंवतीं एक द्रव खेळत असतो. कारागीर त्यास ‘कूलंट’ म्हणतात. आपण त्यास शीतक म्हणूं. एक लहान पंप हें शीतक इंजिनांतून ढकलतो. मोटारीला पुढें जाळीदार रेडिएटर असतो. या गाडीला बहुधा त्याऐवजीं अॅल्युमिनियमच्या पोकळ, चपट्या शीतनलिका असतात. रबरी पट्टा ज्या बोगद्यासारख्या कवचाखालीं फिरतो, त्या कवचाच्या आंतील अंगास त्या बसविलेल्या असतात. पट्टा फिरतांना भुसभुशीत बर्फ वर उडवितो, तो शीतनलिकांवर आदळून वितळतो, आणि वितळतांना त्यांतील उष्णता घेऊन खालीं पडतो.

येथें गुप्त उष्णतेचा नियम आठवावा. शून्य अंशाचा एक किलोग्रॅम बर्फ नुसता वितळविण्यास सुमारें ८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. तेवढ्याच उष्णतेनें एक किलोग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. एवढ्याशा नलिका एवढें मोठें इंजिन थंड ठेवितात, त्याचें रहस्य हेंच आहे. परंतु याचा दुसरा अर्थही ध्यानांत घ्यावा. नलिकांवर बर्फ उडाला तरच त्या कामाच्या आहेत. गोठलेल्या सरोवराच्या टणक पृष्ठभागावर, अथवा चाकोरी पडून कठीण झालेल्या वाटेवर, उडावयास बर्फच नसतो. मग भोंवतालीं कोसच्या कोस बर्फ असूनही इंजिन तापतें.

३. शीतक कसलें असावें?

नुसतें पाणी कां चालत नाहीं, हें उघड आहे. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें, व त्या फुगण्यानें लोखंडाचें वा अॅल्युमिनियमचें ओतीव कामही तडकतें. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यांत एथिलीन ग्लायकॉल नांवाचा द्रव मिसळतात. दोन्ही समभाग घेतले तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या सुमारास गोठूं लागतें. साठ टक्के ग्लायकॉल घेतलें तर उणे पन्नासाच्याही खालीं टिकतें. तेव्हां निव्वळ ग्लायकॉल सर्वांत उत्तम, असा तर्क कोणी करील. पण तो चुकीचा आहे. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठतें, आणि उष्णता वाहून नेण्यांतही तें पाण्याहून कमी प्रतीचें आहे. मिश्रणाचें प्रमाण डोळ्यांनीं कळत नाहीं. तें मोजण्याचें लहानसें उपकरण मिळतें, त्यानेंच तपासावें.

हें शीतक चवीला गोडसर पण अत्यंत विषारी असतें. जमिनीवर सांडलेलें शीतक कुत्र्यामांजरांनीं चाटलें तर तीं मरतात. काढलेलें शीतक झांकणाच्या भांड्यांत ठेवावें, व मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

४. दोष शोधण्याचा क्रम

वैद्य ताप पाहून लगेच औषध देत नाहीं. तो आधीं विचारतो, मग पाहतो, मग नाडीस हात लावितो. कारागिरानेंही तसेंच करावें.

पहिला प्रश्न, गाडी कोठें तापली? टणक बर्फावर तापली व भुसभुशीत बर्फांत शिरतांच थंड झाली, तर इंजिनांत कांहींच बिघडलेलें नाहीं. अशा वाटेवर जाणाऱ्यानें गाडीखालीं पोलादी ओरखडे बसवावेत; ते वाटेवरचा बर्फ खरवडतात व पट्टा तो वर उडवितो. गाडीच्या मागें लोंबणारा रबरी पडदा तुटला आहे काय, हेंही पाहावें. तो उडालेला बर्फ आंत परतवितो. तो नसेल तर बर्फ मागच्यामागें निघून जातो. पंख्याच्या गाडींत पंख्याचा पट्टा सैल झाला आहे काय, वारा आंत येण्याची वाट बर्फानें बुजली आहे काय, आणि उन्हाळ्यांत गाडी पडून असतां उंदरानें पंखांमध्यें घरटें केलें आहे काय, एवढें प्रथम पाहावें.

दुसरा प्रश्न, शीतक पुरेसें आहे काय? ही परीक्षा इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावी. बाटलीच्या झांकणामुळें आंत दाब राहतो, व दाबाखालीं द्रवाचा उत्कलनबिंदु वर चढतो. गरम असतां झांकण उघडलें कीं दाब एकदम उतरतो, शीतक खळकन् उकळून उसळतें, आणि उघडणाऱ्याचे हात व तोंड भाजतें. थंड असतां पातळी खालीं दिसली तर शीतक कोठें तरी जात आहे. गाडीखालच्या बर्फावर हिरवे, नारिंगी किंवा गुलाबी थेंब दिसतात काय, गोडसर वास येतो काय, हें पाहावें. रबरी नळ्यांचे सांधे विशेष निरखावेत. कडक थंडींत रबर आंखडतें व सांध्यांतून ठिबक लागते. इंजिन गरम झालें कीं तीच ठिबक बंद होते, आणि मालक म्हणतो, गळत नाहीं. म्हणून सांधे थंड असतांनाही पाहावेत.

तिसरी परीक्षा हाताची. इंजिन कांहीं वेळ चालवून, मग बंद करून, पट्टा पूर्ण थांबल्यावर नळ्यांस व शीतनलिकांस जपून हात लावावा; दुरून उष्णतामान मोजणारें यंत्र असेल तर उत्तमच. त्यावरून बहुतेक निदान होतें :

(अ) इंजिनाजवळची नळी चटका देते, पण बोगद्यांतील नलिका थंडगार आहेत. याचा अर्थ, शीतक इंजिनाबाहेर पडतच नाहीं. थर्मोस्टॅट मिटून बसला असेल, आंत हवा अडकली असेल, अथवा पंप ढकलीत नसेल.

(आ) नलिका पुढें गरम व मागें थंड आहेत. वाटेंत कोठें तरी गाळ अडकला आहे, नळी दबली आहे, किंवा हवा सांचली आहे.

(इ) सर्व नलिका सारख्याच गरम आहेत, तरी इंजिन तापतें. शीतक फिरत आहे, पण त्याची उष्णता बर्फास मिळत नाहीं. पहिल्या प्रश्नाकडे परत जावें.

(ई) धोक्याचा दिवा लागला आहे, पण सर्व कांहीं कोमटच आहे. इंजिन तापलेलें नाहीं. उष्णतामान कळविणारा संवेदक किंवा त्याची तार बिघडली आहे. तिच्या जोडास गंज चढला आहे काय तें पाहावें.

एक लक्षण या सर्वांहून वेगळें व गंभीर आहे. बाहेर कोठेंही गळती नसतां शीतक कमी होतें, इंजिन चालतांना बाटलींत सारखे बुडबुडे येतात, गरम झाल्यावरही धूर दाट पांढरा निघतो, व एखादा स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. तेव्हां सिलिंडर व त्याचें डोकें यांमधील गॅस्केट फुटलें असावें. अशा वेळीं इंजिन पुनःपुन्हां चालवूं नये. दोन ठोक्यांच्या इंजिनांत हेंच शीतक खालच्या पेटींतही शिरूं शकतें, व तेथील बेअरिंगांचा नाश करितें. चार ठोक्यांच्या इंजिनांत तें तेलांत मिसळून तेल दुधाळ होतें.

५. स्वस्त उपाय आधीं

समजा, (अ) प्रकारचा दोष आढळला. येथें तीन कारणें संभवतात. उतावळा कारागीर तात्काळ नवा पंप मागवितो. मालकाचा पैसा जातो, आठवडा जातो, आणि पुष्कळदां दोष तसाच राहतो. विचारी कारागीर आधीं विचारतो, शीतक अलीकडे बदललें होतें काय? बदललें असल्यास हवा अडकली असण्याचा संभव सर्वांत अधिक, आणि ती काढावयास एक पैही लागत नाहीं. गाडीच्या ज्या टोकाशीं भरण्याची बाटली असते तें टोक उंच करावें, हवा सोडण्याचा जो स्क्रू निर्मात्याच्या पुस्तिकेंत दाखविला असेल तो किंचित् सैल करावा, आणि बुडबुडे थांबून अखंड द्रव येऊं लागला कीं आवळावा.

तरीही नलिका थंड राहिल्या तर थर्मोस्टॅट काढावा. हा एक झडपेचा दरवाजा आहे. त्याच्या पोटांत मेण असतें. तें ठराविक उष्णतामानास वितळून फुगतें व दरवाजा ढकलून उघडतें. त्याची परीक्षा कोणत्याही स्वयंपाकघरांत होऊं शकते. पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत तो दोऱ्यानें टांगावा, तळास टेकूं देऊं नये. शेजारीं उष्णतामापक धरावा व पाणी हळूहळू तापवावें. थर्मोस्टॅटवर उघडण्याचा अंश बहुधा कोरलेला असतो. त्या सुमारास दरवाजा उघडला व पाणी निवतांना पुन्हां मिटला, तर तो निर्दोष आहे. दोष आढळल्यास नवा बसवावा. कित्येक लोक तो काढून टाकून गाडी तशीच चालवितात. तें योग्य नव्हे, याचें कारण पुढें येईल.

थर्मोस्टॅटही चांगला निघाला तरच पंपाकडे वळावें. त्याचें पातें झिजलें वा सुटलें आहे काय, तो फिरविणारा पट्टा किंवा दांतेरी चाक शाबूत आहे काय, हें पाहावें. पंपाच्या अंगास बहुधा एक बारीक भोंक असतें. त्यांतून शीतक ठिबकूं लागलें तर आंतील सील गेलें असें समजावें. तें भोंक बुजवूं नये. बिघाडाची सूचना देण्यासाठींच तें ठेविलेलें असतें.

शीतनलिकेस छिद्र पडल्यास कारण बहुधा खालींच सांपडतें. पट्ट्यांत बसविलेले टोंकदार पोलादी खिळे फार लांब असले, किंवा पट्टा सैल होऊन वर आपटूं लागला, तर खिळे नलिकेस ओरबाडतात. अॅल्युमिनियमचें जोडकाम जाणणाऱ्या माणसाकडून छिद्र भरून घ्यावें. परंतु खिळ्यांचा बंदोबस्त केल्यावांचून गाडी परत नेली तर दुसऱ्या खेपेस तेंच छिद्र पुन्हां पडेल.

दुरुस्तीनंतर शीतक भरून, हवा काढून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावें. मागच्या नलिकाही गरम झाल्या म्हणजे शीतक सर्वत्र फिरलें असें ठरतें. मग इंजिन थंड होऊं देऊन पातळी पुन्हां पाहावी. हें काम बंद खोलींत करूं नये, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायु माणसास नकळत मारतो. पट्टा फिरत असतां गाडीमागें कोणी उभें राहूं नये. गाडी ठोकळ्यावर असतां नलिकांवर बर्फ उडत नाहीं, हेंही विसरूं नये.

६. फार थंड इंजिनही धोक्याचें

थर्मोस्टॅट काढून टाकूं नये असें वर म्हटलें. तो नसला, किंवा उघडाच अडकला, तर शीतक सारखें थंड होत राहतें व इंजिन कधींच योग्य उष्णतेस येत नाहीं. स्पार्क प्लग काजळतात व पेट्रोल अधिक जळतें. याहून मोठा धोका असा कीं, चालकानें थंड इंजिनावर एकदम पूर्ण जोर दिला तर पिस्टन तत्काळ तापून फुगतो, पण भोंवतालचें सिलिंडर थंड शीतकामुळें आंखडलेलेंच असतें, व पिस्टन आंत जखडतो. म्हणजे अति थंडपणानेंही शेवट तोच होतो. इंजिन थंड ठेवणें एवढेंच या योजनेचें काम नाहीं. तें योग्य उष्णतेंत ठेवणें हें तिचें काम आहे.

७. वाटेंत गाडी तापली तर

धोक्याचा दिवा लागतांच थांबावें व इंजिन बंद करावें. ‘आणखी एक मैल’ हा मोह बहुतेक इंजिनांच्या नाशाचें मूळ आहे. थोडें निवल्यावर वाटेच्या कडेच्या भुसभुशीत बर्फांतून हळू जावें, अथवा हातानें बोगद्याच्या कवचावर बर्फ लोटावा. तापलेल्या सिलिंडरावर मात्र बर्फ टाकूं नये. एकाएकीं आंखडून धातु तडकतो. शीतक सांडून गेलें व दुसरा उपाय नसला, तर इंजिन निवल्यावर पाणी घालून वस्तीपर्यंत यावें. परंतु पोहोंचतांच, तें गोठण्यापूर्वीं, सर्व काढून टाकावें.

मुलांनो, आपल्यापैकीं फार थोड्यांस ही गाडी पाहावयास मिळेल. पण यांतील पंप, थर्मोस्टॅट व गॅस्केट आपल्या गांवच्या मोटारींतही असतात, व दोष शोधण्याचा क्रमही तोच लागू पडतो. जो कारागीर विचारल्यावांचून व पाहिल्यावांचून भाग बदलतो, तो मालकाचा पैसा आपल्या अज्ञानावर खर्च करितो. आणि जो दोषाचें मूळ न काढतां वरवर डागडुजी करितो, तो बर्फांत एकट्या निघालेल्या माणसास फसवितो. त्या माणसास कारागिराचें काम दिसत नाहीं. तो केवळ त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून वाटेस लागतो. तो विश्वास सार्थ करणें हाही सचोटीचाच भाग होय.

विचारासाठीं प्रश्न

१. उणे तीस अंशांच्या हवेंत, गोठलेल्या सरोवरावर इंजिन कां तापतें? गुप्त उष्णतेच्या आधारें उत्तर लिहा.
२. निव्वळ ग्लायकॉल वापरण्यांत कोणते दोन तोटे आहेत?
३. पुढची नळी गरम व मागच्या नलिका थंड आढळल्यास प्रथम काय कराल, व कां?
४. गांवांतील गॅरेजमधून मोटारीचा जुना थर्मोस्टॅट मागून आणा. शिक्षकांच्या देखरेखीखालीं वर दिलेला पातेल्याचा प्रयोग करा, व दरवाजा कोणत्या अंशास उघडला व कोणत्या अंशास मिटला याची नोंद ठेवा.